कुणाच्या कणगीतून

आमच्या पक्षी मंडळात गोफण चालवता येणारा मी एकटाच. बाकीच्यांच्या गळ्यात दुर्बिणी असतात. माझ्याही आता असते, पण रानात गेलो की ती वस्तीवरच्या खुंटीला जाते आणि गोफण हातात येते. मंडळातल्या नव्या पोरांना हे खटकतं. एकानं विचारलंच, "आबा, रविवारी ज्यांना बघायला पहाटे उठता, सोमवारी त्यांनाच दगड मारता?" मी म्हणालो, "त्यांना नाही मारत, त्यांच्या शेजारी मारतो." तो हसला, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गेले दोन-तीन हिवाळे तो माझ्या मागं लागलाय. राखणीला बसलं की दुसरं काम नसतं, तेव्हा माणूस विचार करतो. तो इथं मांडतो.

माझं रान उत्तर सोलापूर तालुक्यात, हिप्परग्याचा तलाव आणि नान्नजचा माळ यांच्या मधल्या पट्ट्यात. शिक्षण दहावी. पुढं शिकायची इच्छा होती का, हे मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. आठ-नऊ वर्षांमागं हिवाळ्यात चार-पाच माणसं मोटारसायकली लावून आमच्या बांधावर उभी राहिली. एकानं पुस्तकातलं चित्र पुढं धरलं, हा पक्षी इकडं कुठं दिसतो का म्हणून. धाविक होता. मातकट पिवळा, लांब पायांचा, डोळ्यावरनं पांढरी रेघ गेलेला. मी म्हणालो, हा होय! हा चार पावलं पळतो, थांबतो, खाली वाकतो, पुन्हा पळतो. चला दाखवतो. आमच्या माळावर तो माझ्या बापाच्या काळापासून पळतोय, पण त्याला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. ना पीक खाणारा, ना खायच्या कामाचा. अशाला शेतकरी नाव ठेवत नाही. त्या दिवशी त्यांनी मला नाव दिलं आणि मी त्यांना पक्षी दिला, आणि मी मंडळात गेलो.

मंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. कचेरी नाही, पाटी नाही. शास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत, दातांचे एक डॉक्टर आहेत, बँकेतल्या एक बाई, टॉवेलच्या कारखान्यात पाळी करणारा, घरात तेलुगू बोलणारा एकजण, आणि कॉलेजची पोरं, ती दरसाल बदलतात. नोव्हेंबरात सुरुवात होते. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडं पक्षी सप्ताह. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. चितमपल्ली सोलापूरचेच, त्यामुळं आमच्या मंडळाला त्या आठवड्यात घरचं लग्न असल्यासारखा जोर येतो. तिथून फेब्रुवारी संपेपर्यंत रविवार चुकत नाही.

बहुतेक वेळा हिप्परग्याला जमतो. एकरुख तलाव म्हणजे तोच. इंग्रजांच्या काळात, १८७१ साली पुरा झालेला. थंडीत पाण्यावर वाफ उभी असते, समोरचं काही दिसत नाही, नुसते आवाज येतात. बदकांची कुजबुज, टिटवीची कटकट, शेकाट्यांची चिवचिव. मग ऊन येतं आणि पडदा वर जातो. थापट्या बदकं, तलवार बदकं, चक्रवाकाच्या जोड्या. एखाद्या साली राजहंस. आम्ही ज्याला राजहंस म्हणतो तो करडा, डोक्यामागं दोन काळे पट्टे असलेला. तो हिमालय ओलांडून येतो हे सरांनी सांगितलं तेव्हा मला आधी खरं वाटलं नाही. एवढं ओलांडून येऊन हा आमच्या चिखलात चरतोय! नऊ वाजता बांधावर बसून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. मग यादी. सर एकेक नाव वाचतात, ज्यानं पाहिला तो आकडा सांगतो. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर भांडण. मंडळाचा एकच कायदा आहे: जे स्वतः पाहिलं नाही ते वहीत चढवायचं नाही. हा कायदा मला फार आवडला. असा कायदा ग्रामपंचायतीला असता तर सभा दहा मिनिटांत उरकल्या असत्या.

या फिरण्यानं मला काय दिलं, तर बघणं दिलं. शेतकऱ्याला बघता येतं असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. शेतकरी कामापुरतं बघतो. भोवत्या ही शिकारी घार. पन्नास वर्षं तिची सावली माझ्या ज्वारीवरनं फिरलेली. सावली आली की चंडोल ढेकळाआड दबतात, एवढं मला ठाऊक. पण मान वर करून, नर राखी असतो, मादी तपकिरी असते, तिच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा डाग असतो, हे मी साठीला टेकल्यावर पाहिलं. आणि ही पाखरं कझाकस्तानकडच्या गवताळ मुलखातनं येतात, रात्री आपल्या माळावर गवतात, जमिनीवरच, घोळक्यानं झोपतात, हे कळल्यावर मी त्या माळाकडं रात्री बॅटरी मारायची बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणा झोपलाय म्हटल्यावर आपण आवाज कमी करतो, तसं झालं.

आता ज्या पाखरापायी हे सगळं लिहितोय त्याच्याकडं येतो. भोरडी. तिला पळसमैना म्हणतात, गुलाबी मैनाही म्हणतात. डोकं, पंख, शेपूट काळी, पाठपोट गुलाबी. पावसाळा सरता सरता येते, एप्रिलपर्यंत राहते. पळस, पांगारा, सावर फुलली की त्यांच्या फुलांत तोंड घालते. तिची वीण होते पूर्व युरोपात आणि मध्य आशियात, दगडांच्या फटीत, हजारोंच्या वस्तीनं. आणि जानेवारीत, आमची मालदांडी चिकात आली की, ती हजारोंनी आमच्या उरावर येते.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रब्बीची ज्वारी आपण उत्तरा-हस्ताला पेरतो, ती जमिनीच्या ओलीवर वाढते. वरनं पाणी नाही. नशीब बरं असेल तर एकरी पाच-सहा क्विंटल आणि तेवढ्याच मोलाचा कडबा. कणसात दूध भरतं ते पंधरा-वीस दिवस मोक्याचे. तेव्हा भोरड्यांचा थवा रानात उतरला की ताटं वाकतात, पाऊस आल्यासारखा आवाज होतो, आणि तो उठल्यावर कणसाच्या वरच्या अंगाला नुसती बोंडं उरतात. हा थवा संध्याकाळी आभाळात खेळतो. मुठीसारखा आवळतो, चादर झटकल्यासारखा पसरतो, वळताना काळा होतो आणि सरळ होताना नाहीसाच होतो. सोलापूरकर गच्चीवर उभं राहून ते बघतात. मीही बघतो. त्याच्याइतकं देखणं मी फार थोडं पाहिलंय. तेच पाखरू, तीच संध्याकाळ. फक्त सकाळी ते कुणाच्या रानात उतरणार, हा प्रश्न गच्चीवरच्या माणसाला पडत नाही.

तीन वर्षांमागच्या जानेवारीत मंडळ माझ्या बांधावर आलं. भोरड्या मोजायच्या होत्या. उतरलेला थवा मोजता येतो, उडता नुसता अंदाज. माझ्या शेजारचं अडीच एकर एक बाई वाट्यानं करतात. मालक पुण्याला, निम्मं पीक त्यांचं, निम्मं हिचं, राखण सगळी हिची. नवरा गेल्याला बारा वर्षं झाली. मी त्यांना वहिनी म्हणतो. थवा वहिनींच्या रानात उतरला, पोरांनी कॅमेरे लावले, सरांनी मोजायला सुरुवात केली, आणि मचाणावरनं गोफण सुटली. फट्ट. सगळं आभाळात.

कॉलेजचा एक पोरगा, चांगला पोरगा, कळवळून म्हणाला, "मावशी, अर्धा तास थांबा ना. बिचारी किती लांबनं येतात."

वहिनी मचाणावरनंच म्हणाल्या, "थांबते की. पण तेवढ्या वेळात खातील ती ज्वारी कुणाच्या नावावर मांडू, ते सांग."

कुणी काही बोललं नाही. डॉक्टरांचा हात खिशाकडं गेला. मला वाटलं आता घोटाळा होणार, आणि झालाच. वहिनींचा आवाज चढला. "पाकीट काढू नका. मी भीक मागितली न्हाई. आन् भांडतेय ती पाखरांशी, तुमच्याशी न्हाई. त्यांचं-माझं जुनं हाय." मग थोड्या वेळानं, गोफणीत दुसरा खडा भरता भरता, आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "हितनं उठवली की ती कुणाच्या तरी रानात बसणारच. तेवढं एक वाईट वाटतं. पर काय करू?"

पोराचं वाक्य आणि वहिनींचं हे दुसरं वाक्य, दोन्ही मी बरेच दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पोराची दया खोटी नव्हती. पण ती त्याच्या कणगीतून जात नव्हती. वहिनींच्या कणगीतून जात होती. दुसऱ्याच्या धान्यावर माणूस लगेच उदार होतो, त्यात शहर-खेडं असं काही नाही. गावजेवणात वाढप्याला बघा, पंगत आपल्या घरची नसली की पळी भरून वाढतो. मग अशा दयेला दया म्हणायचं का? मला वाटतं म्हणायचं, पण अर्धी. पाखराला भूक आहे हे दिसणं हा अर्धा भाग. ती भागवण्याचा खर्च कुणावर पडतो हे दिसणं हा राहिलेला अर्धा. दुर्बिणीतनं पहिला अर्धा फार स्वच्छ दिसतो. दुर्बिणीचा गुणच असा, की जे धराल ते मोठं आणि बाजूचं सगळं गायब.

सरांनी त्या दिवशी परतताना मला समजावलं. ते म्हणाले, आबा, हिशोब एकाच बाजूचा मांडू नका. भोरडी मूळची टोळ खाणारी. पिलांना टोळच भरवते. चीनच्या शिंजियांग भागात तिनं यावं, टोळ खावेत म्हणून लोक दगडांची घरटी रचून ठेवतात. तिथं ती पाहुणी, इथं चोर. आपल्याकडंही आल्या आल्या ती नाकतोडे, अळ्याच वेचते. म्हणजे तुमची मजुरीच करते की, मग जानेवारीत तिनं मजुरी घेतली तर?

सर विद्वान माणूस, आणि मुद्दा खरा. तरीही तो मला पटला नाही. एक तर, ऑगस्टात नाकतोडे खाल्ले ते गणपाच्या तुरीत आणि जानेवारीत ज्वारी खाल्ली ती वहिनींची, तर फिटंफाट कशी? पाखराच्या बाजूनं हिशोब जुळेल, माणसांच्या बाजूनं जुळत नाही. पण खरी अडचण दुसरी आहे. उपयोगावर पाखराची किंमत ठरवायची म्हटलं, तर आमच्या माळावरच्या धाविकाचं काय? तो कुणाची मजुरी करतो? घुबडाची उंदरांवरनं वकिली करता येईल, माळटिटवीची कशी करायची? आणि उपयोगाचं गणित एकदा घरात घेतलं की ते पाखरांपाशी थांबत नाही. म्हातारा बैल आहे, म्हातारा माणूस आहे. मी पासष्टीच्या पुढं गेलोय, मला या गणिताची जरा भीतीच वाटते. तेव्हा सरांना म्हणालो, भोरडी कामाची आहे म्हणून जगू द्यायची असेल तर नको. ती आहे म्हणून आहे. पण मग ज्वारीही वहिनींची आहे म्हणून आहे. सर म्हणाले, "मग तिढा तसाच राहिला." मी म्हणालो, "राहिलाच."

आमची आजी म्हणायची, चोच दिली त्यानं चाराही दिलाय. लहानपणी मला ते पुरायचं. आता वाटतं, देणारा देव असेल, पण पेरणारा, राखणारा आणि तोटा सोसणारा कोण, हे त्या म्हणीत कुठं आलंच नाही. तरी आजीच्या काळी ती म्हण खरी वाटायला एक कारण होतं, आणि ते मला मचाणावर बसूनच उमगलं.

तेव्हा शिवार सगळं ज्वारीचं होतं. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पांढरट हिरवं पांघरूण. थवा उतरायचा, चार कणसं हिच्यात, चार त्याच्यात. प्रत्येकाच्या रानातून थोडं थोडं जायचं. कुणाला फार टोचायचं नाही. पाखरांचा वाटा म्हणतात तो हाच, सगळ्या गावानं मिळून भरलेला, न मागता, न मोजता. पुढं बोअर आले, कालव्याचं पाणी काही भागांत आलं, ऊस आला, द्राक्षं आली, डाळिंब आलं. ज्याच्याकडं पाणी तो ज्वारी कशाला करील? मी कुणाला नावं ठेवत नाही, माझ्याही एक एकराला पाणी असतं तर मीही तेच केलं असतं. पण झालं काय, ज्वारी उरली ती ज्यांना पाणी नाही त्यांच्याकडं. थवे तेवढेच, रानं मोजकी. जो वाटा साऱ्या शिवारावर पसरला होता तो आता पाच-सात कोरडवाहूवाल्यांवर आला. आणि गंमत बघा, या भोरड्या रात्री झोपतात कुठं? उसात. दाट, उबदार, वारा लागत नाही. म्हणजे मुक्काम बागायतदाराकडं आणि जेवण कोरडवाहूकडं. उसाला चोच लागत नाही, म्हणून त्या मालकालाही भोरड्या फार आवडतात. तोही मोबाईलवर त्यांची चित्रं काढतो.

त्या पाच-सात जणांतही पुन्हा वरखाली आहे. ज्याच्या घरात माणूसबळ आहे तो राखण करतो. कोणी चमकीच्या पट्ट्या बांधतो, कोणी डबा बडवतो, फटाके लावतो. जो आजारी, जो म्हातारा, जो एकटा, त्याच्या रानात सगळीकडनं हाकललेली पाखरं येऊन बसतात. वहिनींना वाईट वाटलं ते याचंच. गोफणीनं भूक मरत नाही, ती नुसती पुढच्या बांधावर सरकते. सरकत सरकत जिथं हाकलायला कुणी नाही तिथं थांबते. म्हणजे शेवटी पाखरांना जेवू कोण घालतं, तर गावातला सगळ्यात दुबळा माणूस. आणि पुण्य मात्र आपण सगळे वाटून घेतो.

इथं माळढोकाचा विषय निघतोच. आमच्या शेजारच्या नान्नजचं नाव त्या पक्ष्यामुळं देशभर झालं. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, लोकांची कसती रानं आली, आणि त्या रानांच्या व्यवहारांना खोडा पडला. पुढं बरेच दिवसांनी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पक्षी लाखमोलाचा. एवढा मोठा, उघड्या माळावर जमिनीत वीण करणारा, आणि बहुतेकदा एकच अंडं घालणारा. त्याला जागा हवी यात मला शंका नाही. पण नकाशावर रेघ ओढणाऱ्याचं घर रेघेच्या बाहेर असलं, की आतल्या माणसाच्या मनात पक्ष्याबद्दल काय तयार होतं ते मी एसटीत, बाजारात, लग्नाच्या मांडवात ऐकलंय. काही बोलणी इथं लिहिण्यासारखी नाहीत. त्या पक्ष्यानं कुणाचं दाणाभर नुकसान केलं नव्हतं, तरी शिव्या त्यानं खाल्ल्या. आता नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते. माळ मोडला, कुत्री वाढली, तारा आल्या, कारणं पुष्कळ आहेत. पण दयेचा खर्च काही जणांवरच टाकला, की त्या दयेचा राग ज्याच्यावर दया करायची त्याच्यावरच निघतो, हे मी तिथं पाहिलं.

मग गोफणीचं काय? पोराला उत्तर द्यायचं राहिलंय. माझं मत असं आहे, आणि ते मी मंडळात उभं राहून सांगितलंय. गोफण चालवण्यात मला पाप वाटत नाही. मी तिला सांगतो, ऊठ, हे माझं आहे. ती उठते, दुसरीकडं जाते, माझी पाठ वळली की परत येते. तिला तिची युक्ती आहे, मला माझी. सांजेपर्यंत दोघंही दमतो. वहिनी म्हणाल्या तसं, जुनं भांडण आहे, आणि भांडणात समोरच्याला जागा असते. बारीक नायलॉनच्या जाळ्याचं तसं नाही. जाळं भांडत नाही, ते गप्प असतं. पाखरू त्यात अडकतं, उलटं लोंबतं, आणि मालक घरी जेवत असतो. विषाचंही तेच. पाखराला हाकलताना आपण तिथं हजर असावं, त्याचं उडणं आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढं मी मानतो. दुर्बीण गळ्यात आल्यापासून माझा नेम बिघडलाय असं मुलगा म्हणतो. बिघडला असेल. खडा सोडायच्या आधी मी आता मोठ्यानं हाळी देतो, निम्मी त्यानंच उठतात.

पण हे झालं माझ्यापुरतं. वहिनींचा प्रश्न, कुणाच्या नावावर मांडू, तो मंडळाच्या गळ्यातच राहिला होता. पुढच्या साली डिसेंबरात बँकेतल्या बाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, वर्गणी काढून पैसे द्यायचे तर त्या घेणार नाहीत आणि घेऊही नयेत. आपण राखण करू. रविवारी तसंही आपण पहाटे उठतोच, नुसतं उभं राहण्याऐवजी मचाणावर बसू.

लोक हसले, पण आले. जानेवारीचे तीन रविवार आणि मधली एक मकर संक्रांत. वहिनींना आधी खरं वाटेना. त्यांनी डॉक्टरांच्या हातात गोफण दिली आणि लांब जाऊन बसल्या, आणि शहाणपणच केलं. पहिला खडा मागं गेला, दुसरा मचाणाच्या खांबाला लागला. लोकांचे दात नेमका धरून उपटणारा माणूस, पण गोफणीला मनगट वेगळं लागतं. टॉवेल कारखान्यातल्याला दुपारपर्यंत जमलं, त्याचा हात धोट्याला सरावलेला. पोरांनी पत्र्याचा डबा घेतला. दिवसभर हाकलताना त्यांनी भोरड्यांची जी मोजणी केली ती आजवरच्या मोजण्यांत चांगली निघाली, कारण थवा उतरतो कसा, आधी टेहळणीला कोण येतं, किती वेळानं धीर करतात, हे सगळं त्यांना राखणीपायी बघावंच लागलं. ज्या पोरानं पहिल्या साली अर्धा तास मागितला होता तो दुपारी माझ्याजवळ येऊन बसला. घसा बसला होता. म्हणाला, "आबा, दुपारनंतर मला त्यांचा राग यायला लागला." मी म्हणालो, "आणि?" म्हणाला, "आणि तरी उडाल्या की बघावंसं वाटत होतं." मी त्याला पाणी दिलं. यापेक्षा जास्त मलाही पन्नास वर्षांत कळलेलं नाही.

वहिनींनी संध्याकाळी आगटी पेटवून सगळ्यांना हुरडा घातला. अडीच एकरातला, वाट्यातल्या निम्म्यातला. पाकीट कुणी काढलं नाही.

हे छान झालं असं म्हणून मी थांबलो असतो, पण सर थांबू देत नाहीत. हुरडा खाता खाता त्यांनी दुर्बीण ओढ्यापलीकडं धरली होती. म्हणाले, "आबा, आपण दिवसभर उठवलेल्या सगळ्या तिकडं बसल्यात." मी न बघताच सांगितलं, ते दीड एकर. म्हातारा-म्हातारी दोघंच, त्याला दिसत नाही, तिला चालवत नाही, पोरगा चाकणला कामाला. त्यांच्या ज्वारीवर एवढ्या भोरड्या होत्या की रान गुलाबी-काळं दिसत होतं. फार सुंदर दिसत होतं, खोटं कशाला सांगू. सगळे उभं राहून बघत होते, कुणी कॅमेरा काढला नाही.

सरांनी वही उघडली. पक्ष्याचं नाव, वेळ, अंदाजे संख्या लिहिली. ठिकाणाच्या रकान्यात एरवी ते 'ओढ्याजवळ' किंवा 'गावाच्या पूर्वेस' असं लिहितात. त्या दिवशी त्यांनी मला म्हाताऱ्याचा गट नंबर विचारला आणि तो लिहिला. मग डॉक्टर उठले, आगटीजवळचा पत्र्याचा डबा उचलला, आणि ओढ्यात पाणी किती आहे, पलीकडं जाता येईल का, असं वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "गुडघाभर हाय. पर आता अंधार व्हायला लागला, आता त्या आपोआप उसात जातील. सकाळी या. उजाडायच्या आत."